रेषेचा कर्ता कोण? मराठी चित्रकथाकार आणि त्यांच्या बदलत्या शैली

साहित्याच्या इतिहासात चित्रकथेला स्वतंत्र प्रकरण मिळालेले नाही. बालवाङ्मयाचा आढावा घेताना तिचा ओझरता उल्लेख होतो, आणि तोही बहुधा संपादकाच्या किंवा प्रकाशनसंस्थेच्या नावाने. ग्रंथालयाच्या सूचीतही हीच स्थिती दिसते. 'अमर चित्र कथा' या मालिकेतील पुस्तके अनंत पै यांच्या नावाखाली सापडतात. ज्याने त्यातील प्रत्येक पान रेखाटले त्या चित्रकाराचे नाव शोधायचे तर पुस्तक उघडून आतल्या पानावरील बारीक अक्षरांतील ओळ वाचावी लागते. लाखो वाचकांच्या दृष्टीला वळण लावणारी ही माणसे अशा रीतीने नामशेष नव्हे, पण नामगौण होऊन राहिली. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम, वसंत हळबे, सी. एम. विटणकर ही ती नावे. त्यांच्या शैली काळानुसार कशा बदलल्या आणि त्या बदलांचे मर्म आपल्या समीक्षेच्या नजरेतून का निसटले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विचार आनेकलसारख्या गावी बसून करण्यात एक औचित्य आहे. बंगळूर नगर जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव तमिळनाडूच्या सीमेला लागून आहे. रस्त्यावर कन्नड, तमिळ, तेलुगू आणि उर्दू एकाच वेळी कानांवर पडतात. १६३८ च्या सुमारास शहाजीराजांकडे बंगळूरची जहागीर आली आणि त्यानंतर या परिसरात मराठी घराणी स्थिरावत गेली; त्यांची मराठी आज घराच्या उंबरठ्याआड बोलली जाते आणि मुले शाळेत कन्नड शिकतात. अशा घरात एकाच चित्रकथेची कन्नड प्रत नातवाच्या हाती आणि मराठी प्रत आजीच्या हाती असली, तर दोघे कोणता ग्रंथ वाचत आहेत? शब्द निराळे, अनुवादक निराळे, लिपीही निराळी. दोन्ही प्रतींत अक्षरशः तेच असते ते फक्त चित्र. चित्रकथेचे मूळ संहितापान कोणते, हा प्रश्न एकभाषिक प्रदेशात सहसा उद्भवत नाही. सीमेवरच्या गावात तो टाळता येत नाही.

बहुभाषी छपाईची रीतही या प्रश्नाला पुष्टी देते. रंगांच्या प्लेटा त्याच ठेवायच्या आणि मजकूर असलेली काळ्या शाईची प्लेट भाषेगणिक बदलायची, ही या व्यवसायातील सोयीची पद्धत. म्हणून चित्रकाराला संवादाचा फुगा रेखाटताना एका भाषेचा विचार करून चालत नसे. इंग्रजीत तीन शब्दांत मावणारे वाक्य मराठीत किंवा कन्नडमध्ये अधिक जागा घेते; देवनागरीच्या वेलांट्या आणि मात्रा ओळींमध्ये अंतर मागतात. तेव्हा चौकटीचा वरचा भाग मोकळा सोडणे आणि तरीही ती मोकळीक आभाळ, भिंत किंवा मांडव वाटेल अशी योजना करणे हे त्याच्या कौशल्याचे अंग होते. जी जागा आपण रिकामी समजतो ती त्याने अनेक भाषांसाठी राखून ठेवलेली असते.

या कलेची पूर्वपीठिका दूरची आहे. चित्रे दाखवीत कथा सांगणाऱ्या चित्रकथींचा उल्लेख बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात सापडतो; त्याचा कर्ता कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर, म्हणजे तो ग्रंथही याच दख्खनच्या भूमीतला. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने ही परंपरा जिवंत ठेवली आणि २०२१ मध्ये तेथील परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. पैठण शैलीची म्हणून ओळखली जाणारी जी जुनी चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत, त्यांतील माणसे एका बाजूने दिसतात, डोळे मोठे आणि टपोरे असतात, दोन पक्ष एकमेकांसमोर उभे ठाकलेले असतात. छायाप्रकाश नाही, खोलीचा आभास नाही. कारण त्या चित्राला कथा स्वतः सांगायची नव्हती. सांगणारा माणूस शेजारी बसलेला होता. चित्रकथीचे चित्र हे निवेदनाचे साथीदार होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या साथीदाराची जागा निराळ्या चित्राने घेतली. १८९४ मध्ये सुरू झालेल्या रविवर्म्याच्या छापखान्याने देवदेवतांना मांसल देह, रेशमी वस्त्र आणि नाट्यगृहातील पडद्यासारखी पार्श्वभूमी दिली. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे 'चित्ररामायण' १९१६ मध्ये निघाले. प्रसंगांची क्रमवार मांडणी त्यात आहे, परंतु प्रत्येक प्रसंग एक पूर्ण, स्थिर देखावा म्हणून उभा राहतो. पुढे दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८-१९७६) या दोन गोमंतकीय चित्रकारांनी मासिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांतून मराठी मध्यमवर्गाची चित्ररुची घडविली. दलालांची ठाम बाह्यरेषा आणि सपाट रंगांची लय, मुळगावकरांचा फवाऱ्याने साधलेला मऊ उजळपणा, ही दोन टोके पुढील पिढीच्या समोर होती. १९५२ पासून मद्रासहून येणाऱ्या मराठी 'चांदोबा'ने यात आणखी एक धागा गुंफला. त्या मासिकाच्या परिवारातील एम. टी. व्ही. आचार्य आणि शंकर यांच्या चित्रांतले राजे, वेताळ आणि राक्षस मराठी मुलांनी इतके आपलेसे केले की ते दक्षिणेकडील हातांनी काढले आहेत याची जाणीवही कोणाला उरली नाही.

या सर्व परंपरेत एक गोष्ट मात्र नव्हती: गती. एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाताना काळ पुढे सरकला आहे, हे केवळ रेषेने पटवून देण्याची गरज तोवर पडलेली नव्हती. ती गरज १९६४ च्या मार्च महिन्यात 'इंद्रजाल कॉमिक्स'ने निर्माण केली. ली फॉकचा फँटम मराठीत 'वेताळ' झाला आणि त्याच्यासोबत पाश्चात्त्य चित्रकथेचे व्याकरणही आले: दुरून दिसणारे दृश्य, मग जवळून चेहरा, मग हाताची मूठ. या मालिकेची मुखपृष्ठे दीर्घकाळ बी. गोविंद या सहीने निघत. ते गोविंद ब्राह्मणिया. १९७६ मध्ये आबिद सुरती यांच्या लेखणीतून 'बहादूर' अवतरला तेव्हा त्याला रूप गोविंद ब्राह्मणियांनीच दिले. कुर्ता आणि जीन्स घातलेला, डाकूंशी झुंजणारा हा नायक परदेशी चौकटींचे व्याकरण भारतीय भूगोलात कसे बोलता येते याचा पहिला भक्कम दाखला होता. एका अर्थाने ब्राह्मणियांची कारकीर्द म्हणजे अनुवादकाचा मूळ लेखक होण्याचा प्रवास आहे.

'अमर चित्र कथे'च्या उगमाविषयी दोन हकीकती सांगितल्या जातात, आणि दोन्हींना महत्त्व आहे. अनंत पै यांनी १९६७ मध्ये दिल्लीला दूरदर्शनवर प्रश्नमंजूषा पाहिली; ग्रीक पुराणांची उत्तरे देणारी मुले रामायणावरील प्रश्नाला अडखळली आणि त्यांना ही कल्पना सुचली, ही पहिली. दुसरी बंगळूरची आहे. इंडिया बुक हाऊसच्या बंगळूर शाखेतील जी. के. अनंतराम यांनी १९६५ मध्ये कन्नडमध्ये चित्रकथा काढण्याचा उपक्रम सुरू केला होता आणि मालिकेचे पहिले दहा अंक म्हणजे पाश्चात्त्य परीकथांची रूपांतरे होती. म्हणूनच भारतीय कथानकाचा पहिला अंक, 'कृष्ण', याला क्रमांक मिळाला तो ११. एका अखिल भारतीय मालिकेचे पहिले पाऊल प्रादेशिक भाषेत, आणि तेही कन्नडमध्ये पडले, ही गोष्ट मुंबईकेंद्री इतिहासात झाकली गेली आहे.

'कृष्ण' रेखाटला राम वाईरकरांनी. येथे त्यांच्यासमोरचा पेच समजून घेतला पाहिजे. कृष्णाचे रूप वाचकाला आधीच ठाऊक होते. ते प्रत्येक घरातील भिंतीवर कॅलेंडरच्या रूपाने टांगलेले होते. परंतु कॅलेंडरातील कृष्ण उभा असतो. चित्रकथेतील कृष्णाला धावायचे, चढायचे, पडायचे आणि हसायचे होते. शिवाय आरंभीच्या अंकांत खर्चाच्या मर्यादेमुळे पूर्ण रंग नव्हते. पिवळा, निळा आणि हिरवा एवढ्यांवर भागवावे लागे. रंगांची उणीव रेषेने भरून काढण्याखेरीज उपाय नव्हता. वाईरकरांची गोलसर, प्रवाही आणि निःसंदिग्ध बाह्यरेषा ही या अडचणीची निष्पत्ती आहे. रविवर्म्याचा भार तिने टाकून दिला आणि कॅलेंडरचा गोडवा राखून देवाला हालचाल दिली.

हेच वाईरकर पुढे विनोदाकडे वळले तेव्हा त्यांच्या हाताने दुसरी भाषा धारण केली. १९८० च्या नोव्हेंबरमध्ये 'टिंकल' सुरू झाले आणि १९८३ मध्ये त्यात सुपंडी अवतरला. तमिळ लोककथांतील एका बावळट नोकराच्या गोष्टी तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने पाठविल्या. त्याला लांबट डोक्याची, एकदा पाहिल्यावर न विसरता येणारी आकृती दिली ती वाईरकरांनी. तपशील जेथे जेथे गाळता येईल तेथे तो गाळलेला, प्रमाणबद्धता मुद्दाम मोडलेली. एक तमिळ कथा, मुंबईचे इंग्रजी मासिक आणि मराठी चित्रकाराची रेषा यांतून जन्मलेले हे पात्र आज कोणत्याही एका भाषेचे नाही. २००३ मध्ये वाईरकर निधन पावले. त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनी सुपंडी पुढे चालू ठेवला. वडिलांची रेषा मुलीने आत्मसात करावी आणि वाचकाला सांधा जाणवू नये, ही गोष्ट संगीतातील घराण्यांची आठवण करून देणारी आहे.

वसंत हळबे यांचा 'शिकारी शंभू' हाही १९८३ चा. लुईस फर्नांडिस यांच्या कल्पनेतला हा भित्रा शिकारी हळब्यांच्या हातून घडला. त्याचे डोळे हॅटखाली कायमचे झाकलेले आहेत. मनुष्याच्या चेहऱ्यावरील भाव मुख्यतः डोळ्यांत असतात हे चित्रकलेचे प्राथमिक सूत्र. ते बाजूला ठेवून भीती, बढाई आणि सुटकेचा निःश्वास हे सारे गुडघ्यांच्या वळणातून, मिशांच्या टोकांतून आणि पाठीच्या कण्यातून दाखविणे ही मोठी शिस्त आहे. मराठी दिवाळी अंकांतील व्यंगचित्रांच्या परंपरेत मुरलेल्या हातालाच ती साधू शकली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅव्हियो मस्कारेन्हस यांच्याकडे शंभू आला आणि रेषा अधिक लवचीक, हालचाल अधिक उसळती झाली. डोळे मात्र झाकलेलेच राहिले.

प्रताप मुळीक यांची वाटचाल निराळ्या दिशेची आहे. पुण्याच्या या चित्रकाराचा पिंड वास्तवदर्शी रेखाटनाचा. त्यांचे 'स्केचिंग' हे पुस्तक अनेक विद्यार्थ्यांनी वापरले आहे आणि त्यांचे चिरंजीव मिलिंद मुळीक जलरंगांसाठी ख्यातनाम आहेत. 'अमर चित्र कथे'तील 'शिवाजी' त्यांनी रेखाटला. संहिता होती 'फास्टर फेणे'चे जनक भा. रा. भागवत यांची. मराठी मुलांच्या दोन पिढ्यांचा शिवाजी अशा रीतीने एका मराठी बालसाहित्यकाराच्या आणि एका मराठी चित्रकाराच्या सहकार्यातून सिद्ध झाला, आणि तो महाराष्ट्राबाहेर इंग्रजी, हिंदी, कन्नड वाचकांपर्यंत गेला. आनेकलच्या मुलाने शिवाजी पाहिला असेल तो बहुधा मुळीकांच्या रेषेतून. इतिहासाचे एवढे मोठे वहन करणाऱ्या या चित्रांविषयी आपल्या समीक्षेत किती पाने लिहिली गेली, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

पुढे १९८० च्या दशकात हाच हात अमिताभ बच्चन यांना नायक करून काढलेल्या 'सुप्रीमो' या मालिकेकडे वळला. येथे पेच उलटा होता: नायकाचा चेहरा कोट्यवधींना छायाचित्राइतका पाठ होता, त्यामुळे साम्य हरवले तर सारेच फसणार. त्यानंतर मुळीक राज कॉमिक्सच्या 'नागराज'कडे आले. १९८६ मध्ये निघालेल्या या हिंदी मालिकेचा पहिला अंक संजय अष्टपुत्रे यांनी रेखाटला होता. पुढची कित्येक वर्षे तिला मुळीकांनी आकार दिला. शिवाजीच्या चित्रांत वेशभूषा, घोडा, किल्ल्याची तटबंदी यांचे भान प्रधान होते. नागराजात पोशाख जवळपास त्वचेसारखा; त्यामुळे स्नायूंचा ताण आणि देहाची झेप हेच कथानक बनते. शरीररचनेचा जो अभ्यास आधी अंगरख्याखाली दडलेला होता तो येथे उघडा झाला. म्हणजे शैली बदलली असे वरवर दिसले तरी अभ्यास एकच होता. विषयाने त्यातील निरनिराळे थर वर आणले.

यूसुफ लीन यांचे नाव या संदर्भात घेतले पाहिजे. त्यांचे मूळ आडनाव बंगळोरवाला. 'मीराबाई' त्यांची. अलंकरण, वस्त्रांच्या चुण्या आणि शांत चेहरे यांकडे झुकलेली त्यांची शैली वाईरकरांच्या चपळाईपेक्षा आणि मुळीकांच्या जोमापेक्षा भिन्न आहे. एकाच मालिकेत, एकाच पृष्ठसंख्येत आणि एकाच संपादकाच्या देखरेखीखाली तीन इतक्या वेगळ्या प्रकृती नांदत होत्या. 'अमर चित्र कथे'ची एक ठरावीक शैली आहे असे जे सर्रास म्हटले जाते, ते चित्रांकडे न पाहता केलेले विधान आहे.

दिलीप कदम हे मुळीकांच्या सहवासात तयार झालेले. त्यांच्या वाट्याला 'महाभारत' आले. १९८५ ते १९८९ या काळात ४२ भागांत निघालेली ही चित्रकथा म्हणजे सुमारे तेराशे पानांचा एकसंध उद्योग. पहिल्या भागातील तरुण भीष्म आणि शरशय्येवरील भीष्म हा एकच माणूस आहे, हे वाचकाला नाव न वाचता ओळखता आले पाहिजे. पाच भाऊ एकमेकांसारखे दिसूनही वेगळे राहिले पाहिजेत. सभापर्वातील गर्दीत प्रत्येकाची बसण्याची जागा आणि नजरेची दिशा सांभाळली गेली पाहिजे. कादंबरीकाराच्या बाबतीत याच गुणाला आपण पात्रांच्या विकासाची सुसंगती म्हणतो आणि त्यावर प्रबंध लिहितो. १९८८ मध्ये दूरदर्शनवर महाभारत सुरू झाले आणि देशाच्या डोळ्यांत नटांचे चेहरे बसले. कदमांचे चेहरे त्याआधी घडू लागले होते. पुढे राज कॉमिक्सच्या 'भोकाल'मध्ये त्यांच्या स्टुडिओने या पौराणिक गर्दीचे रूपांतर अद्भुत युद्धांच्या गर्दीत केले.

या सर्व उदाहरणांतून एक सूत्र हाती लागते. आधुनिक कलासमीक्षा चित्रकाराकडे स्वतःची एक न बदलणारी सही मागते. जो आपली शैली बदलतो त्याला ती धंदेवाईक ठरविते. चित्रकथाकाराची प्रतिष्ठा नेमकी येथे अडकली. त्याचा बदल वरून लादलेला, संपादकाच्या, छापखान्याच्या आणि बाजाराच्या मागणीने आलेला होता, हे खरे आहे. परंतु मराठी रंगभूमीवर एकच नट संगीत नाटकात आणि प्रहसनात काम करतो तेव्हा आपण त्याला अष्टपैलू म्हणतो. कीर्तनकार पूर्वरंगात एक आणि उत्तररंगात दुसरा सूर लावतो त्याला आपण व्युत्पन्न म्हणतो. मग कृष्ण आणि सुपंडी या दोन टोकांमध्ये सहज वावरणाऱ्या हाताला निराळा न्याय का? विषयाप्रमाणे रेषेचा स्वभाव बदलणे हा प्रयोगकलांचा धर्म आहे, आणि चित्रकथा कागदावर असली तरी तिची नाळ चित्रकथीच्या प्रयोगाशी जुळलेली आहे.

१९९० मध्ये 'इंद्रजाल' बंद झाले, १९९१ मध्ये 'अमर चित्र कथे'चे नियमित नवे अंक थांबले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' सुरू झाला. महाकाव्याच्या पानांवरून मराठी चित्रकथा तीन-चार चौकटींच्या घरगुती पट्टीत उतरली. २००७ मध्ये 'अमर चित्र कथे'ची मालकी बदलली. नव्या आवृत्त्यांत संगणकावर भरलेले रंग आले. हे रंग आकर्षक आहेत, परंतु जुन्या चित्रकाराने सावलीसाठी दिलेल्या तिरक्या रेषा आणि संगणकाने दिलेली गुळगुळीत छटा एकाच गालावर आल्या की दोन निवेदक एकदम बोलू लागतात. जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती काढताना आपण पाठभेदांची नोंद करतो. चित्रांच्या बाबतीत तशी नोंद कोणी ठेवीत नाही, आणि त्यामुळे पन्नास वर्षांनंतरच्या अभ्यासकाला वाईरकरांची रेषा कोणती आणि नंतरचे संस्कार कोणते हे सांगणे कठीण होईल.

म्हणून काही साध्या गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. ग्रंथसूचींत चित्रकाराचे नाव कर्त्याच्या जागी, संहितालेखकाच्या बरोबरीने यावे. पहिल्या आवृत्त्यांचे अंक, जे हलक्या कागदावर छापल्यामुळे पिवळे पडून तुटत चालले आहेत, ते सार्वजनिक ग्रंथालयांनी जमा करावेत. जे चित्रकार आणि त्यांचे साहाय्यक हयात आहेत त्यांच्या कामाच्या पद्धतीची तपशीलवार नोंद व्हावी: पान कसे आखले जाई, संहिता कोणत्या भाषेत येई, चुकीची दुरुस्ती कशी होई. अनेक भाषांच्या साहित्याचा एकत्र विचार करणाऱ्या संस्थांनी तर हे काम आपले मानावे. कारण शब्दांच्या साहित्यात एका भाषेतून दुसरीत जाताना काहीतरी गळतेच, अशी तक्रार आपण नेहमी करतो. येथे मूळ पाठ सर्व भाषांत अबाधित पोचला आहे.

आनेकलच्या घरातील आजी आणि नातू यांचा प्रश्न म्हणून केवळ बालवाचनाचा नाही. दोघांच्या प्रतींत शब्दांचे कर्ते वेगवेगळे आहेत, आणि त्या दोघांना जोडणारा कर्ता एकच आहे. त्याचे नाव दोघांनाही ठाऊक नसावे, ही उणीव वाचकांची नाही. ती ज्यांच्यावर नावे सांगण्याची जबाबदारी असते त्यांची आहे.